मोटारसायकलीने लुंबिनी

स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांनी लेख पाठवावेत, असे आवाहन संपादक मंडळाकडून आले, तेव्हा आम्हा चौघांना प्रथम वाटले की आपल्याजवळ लिहिण्याजोगे फारसे काही नाही. आमच्या तुकडीतील कोणी प्राध्यापक झाले, कोणी वकिली करू लागले. आम्ही मात्र साधी नोकरी, थोडी शेती आणि किरकोळ व्यवसाय यांतच रमलो. परंतु २०२३ च्या नोव्हेंबर महिन्यात आम्ही नागपूरहून स्वतःच्या मोटारसायकली घेऊन नेपाळातील लुंबिनीला गेलो आणि सुखरूप परतलो, ही वार्ता आमच्या जुन्या सरांच्या कानी गेली होती. ते म्हणाले, "तेच लिहा. कसे गेलात, काय काय लागले, सगळे लिहा. उद्या एखाद्या मुलाला जावेसे वाटले तर त्याच्या हाती काहीतरी असू द्या." त्यांचा शब्द मोडणे आम्हाला शाळेतही जमले नव्हते, आजही जमत नाही.

आम्ही चौघे आणि मोटारसायकली तीन. त्यांपैकी एक स्प्लेंडर आमच्यातील एका मित्राच्या वडिलांची. ज्या पालकांनी त्या काळात वसतिगृहाच्या फाटकाशी आपल्या मुलांना सोडले असेल, त्यांना हे गृहस्थ आठवतील. महिन्यातून एकदा ते सायकलीने तीस किलोमीटर येत, मुलाला भेटत, आम्हा सर्वांना मुरमुरे-फुटाणे वाटत आणि उजेड असतानाच परत निघत. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतून त्यांनी २०१२ साली ही गाडी घेतली. त्यांच्या एका वहीत सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी अशी नावे आणि त्यांपुढे किलोमीटरचे आकडे लिहिलेले होते. १९५६ च्या नोव्हेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले होते, ही नोंदही त्याच पानावर होती. पाहुण्यांना ते सांगत, "एकदा या गाडीवर बुद्धाच्या जन्मगावी जाऊन येतो." ते जाणे घडले नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात ते निवर्तले.

त्यानंतर गाडी धाकट्या भावाकडे गेली. तो पहाटे ठोक बाजारातून भाजीचे पोते त्या गाडीवर लादून आणी आणि दिवसभर विकी. त्या घरात धाकट्याच्या भाजीवर चार माणसे जेवत. आमच्या मित्राने गाडी लुंबिनीला नेण्याचा विचार घरी बोलून दाखविला, तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी आले. पण धाकटा गप्प राहिला. दुसऱ्या दिवशी तो एवढेच म्हणाला, "दादा, न्या. पण तिकडे अडकली, जप्त झाली, तर मी धंदा कशावर करू?" त्याचा प्रश्न रास्त होता, आणि प्रवासभर तो आमच्या सोबत राहिला.

दुसऱ्या देशात स्वतःचे वाहन न्यायचे म्हणजे नेमके काय, हे आम्हाला तेव्हा समजून घ्यावे लागले. भारत आणि नेपाळ यांच्यातील १९५० च्या तहामुळे दोन्हीकडच्या नागरिकांना व्हिसा लागत नाही. भारतीयाने पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र जवळ बाळगले की पुरते. माणसाला ही सीमा जवळजवळ मोकळी आहे. वाहनाला मात्र ती मोकळी नाही. नेपाळात बाहेरून येणाऱ्या वाहनांवर भारी आयातकर आहे, त्यामुळे तिथे मोटारसायकल आपल्यापेक्षा बरीच महाग पडते. कोणी इकडची गाडी तिकडे नेऊन विकू नये, म्हणून प्रत्येक परकी गाडीला सीमेवर दिवसांच्या हिशेबाने शुल्क भरून तात्पुरता परवाना घ्यावा लागतो. नेपाळीत जकातीला 'भन्सार' म्हणतात, आणि गाडीवाले त्या परवान्यालाही 'भन्सार' म्हणूनच ओळखतात. परकी गाडी वर्षभरात एकूण ३० दिवसांहून अधिक काळ तिथे राहू शकत नाही. परवान्याची मुदत उलटली की दंड लागतो. आणि गाडी तिकडेच ठेवून बसने परत येण्याची सोय नाही, कारण जी गाडी आत गेली ती बाहेर पडलीच पाहिजे.

इतर सीमांची तऱ्हा वेगळी आहे. भूतानला जायचे तर फुंतशोलिंगला माणसाचा आणि वाहनाचा असे दोन्ही परवाने काढावे लागतात, आणि २०२२ पासून भारतीय पर्यटकाला दररोज १२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावे लागते. इराणसारख्या देशात वाहन न्यायचे असेल तर 'कार्नेट' नावाचे पुस्तक लागते आणि त्यासाठी मोठ्या रकमेची हमी द्यावी लागते. त्या मानाने नेपाळ सामान्य माणसाच्या आवाक्यातील परदेश आहे.

परंतु एक अट सर्वत्र सारखी. गाडी कोणाची, हे कागदावर स्पष्ट असले पाहिजे. स्प्लेंडर अजून दिवंगत वडिलांच्या नावावर होती. मालकाचे संमतिपत्र घेऊन दुसऱ्याची गाडी नेता येते, असे जाऊन आलेल्यांनी सांगितले. पण जो मालक हयातच नाही त्याची सही कोठून आणावी? म्हणून मृत्यूचा दाखला, वारसांची संमती आणि फॉर्म ३१ भरून नाव बदलून घेणे आले. आईने अंगठा न देता सही केली. सही तिला आपल्याच शाळेच्या प्रौढ वर्गात आली होती. बहिणीने सासरहून येऊन सही केली. धाकट्याने सर्वांत शेवटी, हात पुसून, सही केली. नवे नोंदणीपत्र हाती आले तेव्हा त्यावर आमच्या मित्राचे नाव होते आणि त्याखाली पित्याचे नाव म्हणून वडिलांचे. परत आल्यावर गाडी धाकट्याच्या नावावर करून द्यायची, असे त्याच दिवशी ठरले.

विम्याची बाबही सांगण्याजोगी आहे, कारण अनेकांना ती ठाऊक नसते. आपल्याकडील वाहन विम्याचे क्षेत्र भारतापुरतेच असते. जादा हप्ता भरून ते नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तान या देशांपर्यंत वाढवून घेता येते आणि तशी पुरवणी पॉलिसीला जोडून मिळते. आम्ही तिन्ही गाड्यांची ती करून घेतली. मूळ नोंदणीपत्र, परवाना, विमा, प्रदूषण प्रमाणपत्र, ओळखपत्र आणि या सर्वांच्या दोन-दोन प्रती प्लॅस्टिकच्या पिशवीत घातल्या. ही सवय वसतिगृहाची. पाचवीत आलो त्या आठवड्यात अधीक्षक सरांनी प्रत्येकाच्या पत्र्याच्या पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस कागदांची यादी लिहायला लावली होती : जन्मदाखला, जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका. पावसाळ्यापूर्वी यादीप्रमाणे कागद मोजून दाखवावे लागत. तेव्हा त्याचा कंटाळा येई. आज आमच्यातील एकानेही आपले कागद हरवलेले नाहीत.

१८ नोव्हेंबरला पहाटे आम्ही नागपूर सोडले. पेंचच्या जंगलातून जाणारा महामार्ग, वन्यप्राण्यांना खालून जाता यावे म्हणून उंच केलेले त्याचे पूल, पुढे सिवनी आणि जबलपूर. दुसऱ्या दिवशी कटनी, मैहर करीत रिवा. तिसऱ्या दिवशी विंध्याचा घाट उतरून मिर्झापूरजवळ गंगा ओलांडली आणि सारनाथला मुक्काम केला. स्प्लेंडरच्या बेताने ताशी पंचेचाळीस ते पन्नास हाच आमचा वेग होता. मोठ्या गाड्यांवरील दोघांनी कुरकुर केली नाही. चौथ्या दिवशी कुशीनगर. प्रथम धम्मचक्रप्रवर्तनाचे स्थान, मग महापरिनिर्वाणाचे आणि शेवटी जन्माचे, असा आमचा क्रम रस्त्याने ठरविला होता.

२२ तारखेस, बुधवारी, सोनौलीला पोहोचलो. तोवर नागपूरपासून एक हजारहून अधिक किलोमीटर झाले होते. मालमोटारींची रांग गावाच्या बऱ्याच आधी सुरू होते. त्या रांगेच्या कडेने सायकलरिक्षा, डोक्यावर गाठोडे घेतलेल्या बाया, शाळेची मुले इकडून तिकडे आणि तिकडून इकडे सहज जात होती. कोणी त्यांना थांबवीत नव्हते. आपल्या बाजूच्या जवानांनी ओळखपत्रे पाहिली, कोठे जाता विचारले आणि पुढे सोडले. पलीकडचे गाव बेलहिया. पाटी वाचताच आमच्यातील एकजण हसू लागला, कारण परदेशातील पहिलीच पाटी आम्हाला वाचता येत होती. लिपी देवनागरी, अक्षरे ओळखीची, शब्द थोडे निराळे. पोलिसांना तिथे 'प्रहरी' म्हणतात. गाड्यांच्या लाल पाट्यांवर पांढऱ्या देवनागरी अक्षरांत 'लु', 'बा' आणि देवनागरी आकडे. घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करावे लागले.

भन्सार कार्यालयाबाहेर दोन-तीन तरुणांनी आम्हाला घेरले. "सगळे काम करून देतो, तुम्ही चहा घ्या," असे प्रत्येकजण म्हणत होता. आम्ही नम्रपणे नकार देऊन रांगेत उभे राहिलो. खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याने प्रत्येकाचे 'ब्लुबुक' मागितले. नोंदणी पुस्तकाला तिथे हेच नाव आहे. दोन गाड्यांचे काम लवकर झाले. स्प्लेंडरच्या वेळी तो थांबला. नोंदणीपत्र अलीकडचे आणि गाडी जुनी, हे त्याच्या ध्यानात आले असावे. तो उठून बाहेर आला आणि चासीवरचा क्रमांक दाखवा म्हणाला. हँडलखालच्या त्या जागी चार दिवसांची धूळ आणि त्याखाली भाजीच्या पोत्यांचा जुना चिखल वाळून बसला होता. आमच्या मित्राने बाटलीतील पाणी ओतले, रुमालाने घासले, पुन्हा पाणी ओतले. हळूहळू एकेक आकडा वर आला. अधिकाऱ्याने तो कागदाशी ताडून पाहिला, मग नावाखालचे नाव वाचले आणि विचारले, "बुबाको गाडी हो?"

नेपाळी आम्हाला येत नव्हती; पण हा प्रश्न समजायला भाषा शिकावी लागली नाही. मित्र म्हणाला, "होय. वडिलांची." 'होय' आणि 'हो' यांत अंतर ते किती? अधिकारी आत गेला आणि त्याने चार दिवसांची पावती फाडली. पावतीवर वर्ष होते २०८० आणि महिना मंसिर, कारण तिथे सरकारी व्यवहार विक्रम संवताने चालतो. बाजूच्या दुकानात पैसे बदलून घेतले. भारतीय शंभर रुपयांचे तिकडचे एकशे साठ होतात. आम्ही गेलो तेव्हा शंभराहून मोठी भारतीय नोट तिथे अधिकृतपणे चालत नसे, म्हणून शंभराच्या नोटांची जुडी आम्ही नागपुराहूनच नेली होती.

भैरहवावरून लुंबिनी वीस-बावीस किलोमीटर. भाताची कापणी झालेली सपाट शेते, सरळ रस्ता, वाऱ्याला कोवळी थंडी. लुंबिनीचे वर्णन अनेकांनी केले आहे. इथे थोडेच सांगतो. जपानी वास्तुशिल्पकार केन्झो तांगे यांच्या आराखड्याप्रमाणे त्या परिसराची मांडणी झाली आहे. निरनिराळ्या देशांचे विहार, मधोमध लांब कालवा आणि टोकाला मायादेवी मंदिर. मंदिराच्या आत उत्खननातील विटांचे जुने पाये आणि जन्मस्थानाची खूण मानलेला दगड. बाहेर सम्राट अशोकाचा स्तंभ. आपल्या भोजनगृहात या स्तंभाचे चित्र असलेली दिनदर्शिका कित्येक वर्षे लटकत होती, हे अनेकांना स्मरत असेल.

त्या स्तंभावर ब्राह्मी लिपीत लेख आहे. राज्याभिषेकानंतर विसाव्या वर्षी राजा स्वतः येथे आला, शाक्यमुनी बुद्ध येथे जन्मले म्हणून त्याने पूजा केली, शिलास्तंभ उभारविला आणि लुंबिनी गावाला 'बली' हा कर माफ करून उत्पन्नाचा हिस्सा आठव्या भागावर आणला, असा त्याचा आशय आहे. धर्मस्थळावरील लेखात राजाने गावाच्या कराचा हिशेब कोरून ठेवावा, याचे आम्हाला मोठे अप्रूप वाटले. श्रद्धा व्यक्त करताना त्याला तिथल्या शेतकऱ्याच्या धान्याची आठवण झाली होती. आमच्या खिशात भन्सारची ताजी पावती होती, त्यामुळे तो लेख आम्हाला अधिकच जवळचा वाटला. सातव्या शतकात ह्युएनत्संगाने हा स्तंभ भंगलेल्या अवस्थेत पाहिला. तो चीनमधून निघाला तेव्हा परदेशी जाण्यास बंदी होती आणि त्याला परवानगीवाचूनच सीमा ओलांडावी लागली. त्याच्या चरित्रात एका म्हाताऱ्या, हडकुळ्या, तांबूस घोड्याची कथा येते. वाळवंटाची वाट अनेकदा तुडविलेला तो घोडा त्याने आपला चांगला घोडा देऊन घेतला, आणि पुढे त्याच घोड्याने त्याला पाण्यापर्यंत नेले. ही कथा आम्ही स्तंभाजवळ बसून एकमेकांना सांगितली आणि चौघांचीही नजर फाटकाबाहेर उभ्या असलेल्या स्प्लेंडरच्या दिशेने गेली.

वडिलांची वही मित्राने सोबत आणली होती. लुंबिनीपुढे त्यांनी किलोमीटरचा आकडा लिहिला होता, तारखेची जागा कोरी होती. त्याने तिथे तारीख घातली. आम्ही कोणी काही बोललो नाही.

शुक्रवारी आम्ही तिलौराकोटला गेलो. प्राचीन कपिलवस्तू म्हणून ओळखले जाणारे हे ठिकाण लुंबिनीच्या पश्चिमेस आहे. ज्या पूर्वद्वाराने सिद्धार्थ गृहत्याग करून गेला असे मानतात, त्याचे अवशेष पाहून परतताना स्प्लेंडरने ओढणे सोडले. इंजिन गरजे, पण चाक पुढे सरेना. गाडी दोरीने ओढत जवळच्या तौलिहवा गावी एका गॅरेजवर आणली तेव्हा दिवस मावळला होता. मिस्त्रीने क्लचचे झाकण उघडले आणि प्लेटी दाखविल्या. त्या झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. दुसरा दिवस शनिवार, नेपाळातील साप्ताहिक सुट्टीचा, आणि आमच्या परवान्याचा शेवटचा.

रात्री धर्मशाळेत झोप लागली नाही. मुदत वाढवून घेता येते हे ठाऊक होते. परंतु सुट्टीच्या दिवशी ते काम कोठे आणि कसे व्हावे? दंडापेक्षा मोठी चिंता निराळी होती. पलीकडे सोमवारच्या बाजाराची वाट पाहणारा एक भाऊ होता.

सकाळी मिस्त्री आमच्याआधी हजर होता. आम्ही मराठीत बोलत असताना तो मान वर न करता म्हणाला, "थांबा जरा, होतंय." आम्ही चकित झालो. पाच वर्षे त्याने पुण्याजवळ पिंपरीला एका गॅरेजात काम केले होते. त्याने ओळखीच्या दुकानदाराला घरून बोलावून दुकान उघडायला लावले. ही गाडी त्या भागातही सर्रास चालत असल्याने प्लेटी मिळाल्या. काम करता करता तो सांगत होता, "मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एक पिशवी घेऊन सोनौलीहून चालत गेलो. मला कोणी कागद विचारला नाही. गाडीला विचारतात." थोड्या वेळाने त्याने पुसले, "यावर वजन लादता का?" भाजीची पोती, असे सांगितल्यावर तो म्हणाला, "मग चढावर अर्धा क्लच दाबून धरू नका म्हणावे. पहिला गिअर टाका. दोन वर्षे काही होणार नाही." त्याने मजुरी रास्त घेतली, जुन्या प्लेटी कागदात गुंडाळून दिल्या आणि दुकानदाराची पावतीही दिली.

दुपारी एकच्या सुमारास निघालो आणि उजेड असतानाच बेलहियाला पोहोचलो. भन्सारच्या माणसाने पावती पाहिली, गाडीचा क्रमांक पाहिला आणि हाताने पुढे जाण्याची खूण केली. अर्ध्या मिनिटाचे ते काम. सोनौलीच्या पहिल्या चहाच्या टपरीवरून मित्राने धाकट्याला फोन लावला आणि सांगितले, "गाडी भारतात आली. क्लच नवा आहे. चढावर पहिला गिअर टाकत जा." पलीकडून हसण्याचा आवाज आम्हा सर्वांना ऐकू आला.

ज्यांना जावेसे वाटते त्यांनी ऑक्टोबर ते मार्च या काळात जावे. तराईतील उन्हाळा आणि पावसाळा दुचाकीला त्रासदायक असतो. परवाना ठरविलेल्या मुक्कामाहून एक-दोन दिवस जादा घ्यावा, म्हणजे गाडी अडली तरी जीव टांगणीला लागत नाही. शनिवार ध्यानात ठेवावा. क्लच, चेन आणि ब्रेक निघण्यापूर्वी उघडून तपासून घ्यावेत. गाडी ज्याच्या नावावर आहे त्यानेच ती चालवावी हे उत्तम. रांगेत उभे राहून स्वतःचे काम स्वतः करावे. ते करता येण्याइतके शिक्षण या शाळेने आपणा सर्वांना दिले आहे.

ठरल्याप्रमाणे स्प्लेंडर आता धाकट्याच्या नावावर आहे. नोंदणीपत्रावर त्याच्या नावाखाली वडिलांचे नाव पूर्वीप्रमाणेच आहे. मंसिर २०८० ची ती पावती आईने आपल्या पेटीत, सातबारा आणि दाखल्यांसोबत ठेवली आहे. मुदत संपलेल्या त्या कागदाचा काही उपयोग नाही, असे धाकटा म्हणतो. आई ऐकत नाही.